आणखी काय बंद करू?

त्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे लालासाहेबांना दिवसातून दोनदा तरी आठवायचं. एकदा सकाळच्या चहाला आणि एकदा दुपारी पुस्तक उघडलं की. पत्र त्या पुस्तकातच खूण म्हणून ठेवलेलं होतं, आणि अडीच महिन्यांत पुस्तक काही त्या पानापुढे सरकलं नव्हतं.

पत्र संयोगिताचं होतं. शेजारच्या सुभेदार उदयसिंहांची ही नात सांगलीकडच्या एका निवासी अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होती. तिथं मुलींचे मोबाइल काढून घेत, म्हणून पत्र. वहीच्या फाडलेल्या पानावर, बारीक अक्षरात:

"लाला आजोबा, तुम्ही सांगितलं तसं तूप, अंडी, शेंगदाणे सगळं बंद केलं. भाकरीपण अर्धीच खाते. तरी परवाच्या तपासणीत कोलेस्टेरॉल आणखी वाढून आलं. दोनशे अडुसष्ट. सर म्हणतात, वजन कमी तर सेकंद कमी. आता आणखी काय बंद करू? घरी सांगू नका."

लालासाहेब डॉक्टर नव्हते. कराडच्या एका लॅबमध्ये चौतीस वर्षं त्यांनी लोकांचं रक्त तपासलं होतं, एवढंच. पण उंब्रजमध्ये रिवाज असा पडला होता की रिपोर्ट हातात आला की माणूस आधी लालासाहेबांच्या ओट्यावर यायचा. डॉक्टर नंतर. येणारे बहुतेक उसाच्या पैशानं पोट सुटलेले. लालासाहेब चष्मा वर करून कोलेस्टेरॉलची ओळ बघायचे आणि म्हणायचे, "तूप, अंडी, शेंगदाणे बंद." इतक्या वेळा म्हणून झालं होतं की जीभ आपोआप वळायची.

दिवाळीत संयोगिता रिपोर्ट घेऊन आली तेव्हाही तशीच वळली. समोरची पोर काडीसारखी आहे, हे डोळ्यांना दिसत होतं. पण जीभ डोळ्यांची वाट बघत थांबली नाही.

त्या दिवशी सुभेदारही बरोबर होते. "लाला, जरा नाडी बघ पोरीची," म्हणाले.

लालासाहेबांनी घड्याळ लावून मोजली. शेहेचाळीस.

"बघितलंस? फौजी काळीज हाय! आमच्या पलटणीत असल्या नाडीच्या गड्याला डॉक्टर शाबासकी द्यायचे."

संयोगिता हसली आणि तिनं बाही बोटांपर्यंत ओढून घेतली. तिचा हात रांजणातून काढल्यासारखा गार लागला होता. लालासाहेबांना तो जाणवला आणि ते विसरले.

पत्र आलं आणि तो गारवा बोटांना पुन्हा आठवला. पण उत्तर काय लिहायचं? जी मुलगी तेल-तुपाला शिवत नाही, तिच्या रक्तात हे येतं तरी कुठून? विहिरीत बादली न सोडता हौद भरावा, तसलं कोडं. त्यांनी घरातली पुस्तकं चाळली. मग ट्रंकेतून स्वतःची जुनी वही काढली. विचित्र निकाल आला की त्यात टिपून ठेवायची त्यांना सवय होती. वीसेक वर्षांपूर्वीचं एक पान सापडलं. 'मुलगी, वय सतरा, फार कृश. कोलेस्टेरॉल दोनशे एक्याऐंशी. तीनदा तपासले, तेच.' पुढे प्रश्नचिन्ह. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लॅबची चूक असणार. लालासाहेबांनीही मान हलवली होती. त्या मुलीचं पुढं काय झालं, हे वहीत नव्हतं.

कराडला लागूनच मलकापूरला डॉक्टर सोनम यांचा दवाखाना होता. शिकत असताना सुट्टीत त्या लालासाहेबांच्या लॅबमध्ये येऊन बसायच्या. पहिल्या वेळी लालासाहेब दारातली पाटी वाचून परत आले. एवढ्याशा शंकेसाठी त्यांचा वेळ कशाला? वही सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र आत गेले.

"काका, कोलेस्टेरॉल ताटातनं येतं त्याहून जास्त आपलं लिव्हरच बनवतं," सोनम म्हणाल्या. "उपाशी शरीर सगळी कामं मंद करतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून वापरायचं कामही मंदावतं. मग ते साठून राहतं."

"म्हणजे पाट तुडुंब दिसतो, पण वरनं पाणी जास्त सोडलंय म्हणून न्हाई. खाली कुणी घेत न्हाई म्हणून."

"तसंच काहीसं. पूर्ण कारण अजून कुणालाच नीट माहीत नाही."

चौतीस वर्षांत कुठल्या डॉक्टरनं 'माहीत नाही' म्हटल्याचं लालासाहेबांनी ऐकलं नव्हतं. त्यांना उगीचच बरं वाटलं. ते पुढचं विचारणार, तेवढ्यात सोनमच म्हणाल्या, "त्या आकड्याची मला एवढी भीती नाही. पोट भरायला लागलं की तो बहुतेक वेळा आपसूक उतरतो. नाडी किती आहे?"

"नाडी चांगली हाय. शेहेचाळीस. पळणारी पोर हाय ती."

सोनमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हात गार असतात? केस गळतात? पाळी येते?"

लालासाहेबांना यातलं एकच ठाऊक होतं.

"काका, पळून मंद झालेलं हृदय दणकट असतं. उपाशी राहून मंद झालेलं झिजलेलं असतं. शरीर दंडाचं मांस खातं, तसं हृदयाचंही खातं. असलं हृदय पळता पळता कधी दगा देईल, सांगता येत नाही. आणि हा हट्ट नाही हो, आजार आहे. मनापासून सुरू होतो आणि काळजापर्यंत जातो. तिला आणा. आजच्या आज."

घरी येऊन लालासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला असला प्रश्न विचारला. विजयमालाबाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"पाळी? दिवाळीच्या आधीपासनं न्हाई तिला. मीच इचारलं हुतं. आन् करंज्या ओढणीत गुंडाळून मोत्या कुत्र्याला घालताना बघितली मी तिला."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी रिपोट बघत हुता. मला कोण इचारतंय?"

लालासाहेब तसेच उठले. 'घरी सांगू नका' ही ओळ पत्रासकट खिशात होती. शेजारचा ओटा पंधरा पावलांवर, पण त्या पंधरा पावलांत ते दोनदा थांबले.

सुभेदार तंबाखू मळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धा दिवसांवर मैदानी चाचणी आलीय, आन् तू म्हणतोस पोरीला उचलून आण? फौजी काळीज हाय तिचं."

"फौजी न्हाई, उदयसिंह. उपाशी हाय."

"तूच सांगितलंस की तूप सोड म्हणून!"

"व्हय. मीच. चुकलो मी."

लालासाहेबांचा आवाज एवढा मोठा निघाला की कुंपणापलीकडं विजयमालाबाईंचे हात थांबले. सुभेदारांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. समोर पडवीत शाळू-गव्हाची पोती थप्पीला लागली होती. ती त्यांनी खालपासून वरपर्यंत एकदा बघितली.

"माझ्या घरातली पोर उपाशी," ते म्हणाले. आधी विचारल्यासारखं, मग सांगितल्यासारखं. आणि घरातल्या चपलांवरच सांगलीच्या एसटीला गेले.

संयोगिता चौदा दिवस कराडच्या मोठ्या दवाखान्यात होती. सोनम रोज येऊन बघायच्या. छातीला तारा जोडलेल्या. सुभेदार डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन गेले, तो सोनमनी परत पाठवला. रिकाम्या शरीरात एकदम अन्न ढकललं तरी हृदयाला ते झेपत नाही, चमच्याचमच्यानं वाढवायचं. तिच्याशी बोलायला एक मानसोपचाराच्या बाईही येत होत्या. यात मैदानी चाचणीची तारीख निघून गेली. ती गेली त्या दिवशी संयोगिता भिंतीकडं तोंड करून पडली होती, एवढंच सुभेदारांनी सांगितलं.

घरी आल्यावर ती दुपारी ओट्यावर बसायची. चैत्रातल्या उन्हात अंगात स्वेटर. मांडीवर ताटली. सुभेदार शेजारी बसून तेवढंच, त्याच वेगानं जेवायचे. "आवं, लवकर आटपा की," असं सून म्हणाली तर तिच्यावर डोळे वटारायचे.

लालासाहेब दिसले की संयोगिता मान वळवायची. तिनं एक गोष्ट सांगू नका म्हटलं होतं, ती त्यांनी सांगितली होती. एक गोष्ट विचारली होती, ती तशीच राहिली होती. समोर जाऊन बोलायला लालासाहेबांना जन्मात जमलं नसतं. ते टेबलाशी बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं:

"चि. संयोगिता, तू विचारलं होतंस, आणखी काय बंद करू. काहीही नाही. मी आधी जे बंद करायला सांगितलं, तेही चूक होतं. चूक माझी, तुझ्या शरीराची नव्हे. तू योग्य प्रश्न विचारलास. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प बसलो. घरी सांगितलं त्याची माफी मागत नाही. उशिराची मागतो. हे कोडं शरीरात कसं घडतं ते थोडं कळलंय, बरंच कळायचं आहे. तुला हवं असेल तर दोघं मिळून वाचू. — लाला आजोबा."

पाकिटावर तिकीट लावून ते पोस्टात गेले. पत्र पेटीत टाकलं आणि तिथंच उभे राहिले. तीन वाजता पोस्टमन ज्योतिबानं पेटी उघडली. पत्रं चाळता चाळता तो थांबला.

"आवं लालासाहेब, ह्यो तर तुमच्या शेजारचाच पत्ता! पंधरा पावलं न्हाईत. द्या की जाता जाता हातात. तिकीट कशाला वाया घालवायचं?"

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "तिनं पोस्टानं विचारलं हुतं. मार शिक्का."

ज्योतिबानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, पाकीट टेबलावर सरळ केलं आणि शिक्का मारला. तारीख स्वच्छ उठली का, हे लालासाहेबांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं, आणि मगच ते घराकडं वळले.