आठ दिवसांसाठी रस्ता बंद

मित्रांनो, मी एक जुना अडथळा आहे. हे मी कसलाही अभिमान न बाळगता सांगतो. जगात अडथळे पुष्कळ असतात, पण स्वतःच्या छातीवर तसं स्वच्छ लिहून उभे राहणारे थोडेच. माझ्या छातीवर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'रस्ता बंद. काम चालू आहे.' नगरपालिकेच्या भांडारात माझी नोंद 'बॅरिकेड, लाकडी, नग एक' अशी आहे. लोक मला नुसतं 'ते आडवं' म्हणतात.

माझा जन्म पालिकेच्या सुतारखान्यात झाला. पाय नव्या लाकडाचे, पण मधल्या दोन फळ्या सभागृहातलं जुनं व्यासपीठ मोडून काढलेल्या. त्या व्यासपीठावर उभं राहून कितीतरी पुढाऱ्यांनी 'लवकरच' हा शब्द उच्चारला होता. लाकूड जसं तेल पितं तसं ते शब्दही पीत असावं. एरवी पुढे माझ्या आयुष्यात जे झालं त्याचा उलगडा होत नाही.

रंगाऱ्याने माझ्यावर पिवळे-काळे पट्टे ओढले, अक्षरं काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या पाणीखात्याच्या मुकादमांना विचारलं, "खाली जागा उरलीय. तारीख टाकू का? अमुक दिवसापर्यंत बंद, अशी?"

मुकादम म्हणाले, "नको रे बाबा. तारीख टाकली की ती चुकते."

रंगाऱ्याने ब्रश धुवायला घेतला. ती जागा कोरीच राहिली.

हे मुकादम म्हणजे नाकासमोर चालणारे गृहस्थ. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन त्यांनी वापरलेलं मी कधी पाहिलं नाही, पण ते आहे याचा धाक सगळ्या खात्याला होता. पालिकेचं फावडं ते घरच्या भांड्यापेक्षा जपून ठेवत. मलाही त्यांनी तसंच जपलं. कुठल्याही कामावरून परत आलो की आधी माझे पाय पुसून घेत, मग स्वतःचे.

सुरुवातीची वर्षं धावपळीची गेली. कधी बागेच्या वाटेवर, कधी शाळेसमोर, तर एकदा महिनाभर साहेबांच्या गाडीची जागा अडवायला. त्या महिन्याबद्दल मी फारसं बोलत नाही. पण एकदा बाजारात उघड्या गटारापाशी उभा असताना एक आजोबा फोनवर जावयाला झापत झापत थेट माझ्यावर येऊन आदळले. आधी त्यांनी मला चार शिव्या दिल्या. मग पलीकडे वाकून पाहिलं. मग फोनवर म्हणाले, "थांब जरा, तुला नंतर झापतो," आणि माझ्या फळीवर दोनदा हात थोपटून निघून गेले. नोकरीत मला मिळालेला हा सर्वोच्च सन्मान.

तशी माझी छबी एकदा छापूनही आली. झाडांना पालवी फुटली की आमची पालिकाही जागी होते आणि चार पानांची 'वसंतवार्ता' काढून घरोघर टाकते. बागेची नवी वेळ, फांद्यांची छाटणी, टाकीची सफाई, भटक्या कुत्र्यांना लस, कुठला रस्ता का बंद, हे सगळं तिच्यात असतं. त्या वर्षी पहिल्या पानावर नगराध्यक्ष नळाचं उद्घाटन करत होते आणि त्यांच्या कोपरामागे माझा डावा पाय दिसत होता. मुकादमांनी तो अंक जपून ठेवला. पायासाठी की नळासाठी, ते मी विचारलं नाही.

मग एका वसंतात टाकीच्या गल्लीतला पाइप फुटला.

ही गल्ली मुकादमांची स्वतःची. वरच्या मजल्यावर त्यांचं घर आणि खाली त्यांच्या सुनेची लाँड्री. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा येतो आणि आल्यावर झोपतो. घर आणि दुकान सूनबाईच्या जिवावर चालतं. गल्लीच्या एका टोकाला पायऱ्या आहेत, त्यामुळे गाडी आत यायची तर दुसऱ्याच टोकाने, आणि त्याच टोकाला मुकादमांनी मला स्वतःच्या हाताने उभं केलं. घराघरात सांगितलं, "आठ दिवस कळ काढा. रस्ता बंद राहील."

पाइप आठ दिवसांच्या आतच बसला. खड्डा बुजला. त्याच महिनाअखेर मुकादम निवृत्त झाले. त्यांना हार, छत्री आणि सहा भाषणं मिळाली. या गडबडीत मला उचलण्याचा आदेश तेवढा निघायचा राहिला.

पाणीखातं म्हणालं, आमचं काम पाइपाचं, रस्ता खुला करणं रस्तेखात्याकडे. रस्तेखातं म्हणालं, बॅरिकेड पाणीखात्याचं, आम्ही कसं उचलणार? दूधवाल्याने मात्र कोणाला न विचारता मला एका सकाळी बाजूला सरकवलं. मुकादम चहाचा कप हातात घेऊन खाली आले आणि त्यांनी मला परत जागेवर आणून ठेवलं.

"अहो काका, आत खड्डा कुठाय?" दूधवाला म्हणाला.

"खड्ड्याचा प्रश्न नाही. सरकारी वस्तूला खासगी हात लावायचा नाही."

"मग तुम्ही कसा लावला?"

"मी लावला नाही. मी होतं तसं परत ठेवलं."

पुढच्या वसंतात रस्तेखात्याची माणसं आली. डांबराची घमेली त्यांनी माझ्या बाजूच्या फटीतून एकेक करून आत नेली. मला हलवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी माझ्या चारी पायांभोवती नीट डांबर ओतलं, ठोकून सपाट केलं आणि निघून गेली. त्या दिवसापासून मी ठेवलेला राहिलो नाही, उगवलेला झालो.

मित्रांनो, उपेक्षा म्हणजे काय ते मी तेव्हा शिकलो. माझ्यावर फडकी वाळली. मांजरं व्याली. लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, "ते आडवं दिसलं की डावीकडे." लहान मुलांना तर वाटे, मी टाकीच्याही आधीचा आहे. माझ्या मागे गुळगुळीत काळाभोर रस्ता होता, गावातला बहुधा सर्वात चांगला, कारण त्यावरून कोणतंच वाहन जात नव्हतं.

आणि मुकादम रोज सकाळी खुर्ची टाकून माझ्याजवळ बसत. दर वसंतात 'वसंतवार्ता' आली की आधी 'प्रगतिपथावरील कामे' हे सदर काढत. तिथे दर वर्षी आमची गल्ली असे, कारण कार्यालयातले लोक मागच्या वर्षीचा अंक समोर ठेवूनच नवा लिहीत. मुकादम मोठ्याने वाचत आणि समाधानाने मान हलवत. "बघ, चालू आहे."

सूनबाई तोवर रुग्णालयाच्या कोटांचं गाठोडं मोठ्या रस्त्यावरच्या गाडीतून उतरवून, माझ्या बाजूच्या फटीतून आडवी होत आत आणत असे. रुग्णालयाचे पांढरे कोट आणि लॉजच्या चादरी, या दोन कामांवर तिची लाँड्री उभी होती. गाडीचा ड्रायव्हर आत यायला तयार नव्हता. "बोर्ड लावलाय ताई, कोणी पकडलं तर माझी नोकरी जाईल," एवढंच म्हणे.

"बाबा," एकदा ती गाठोडं माझ्यावर टेकवून म्हणाली, "आत खड्डा आहे का?"

"नाही."

"पाइप फुटलाय?"

"नाही."

"मग काम कसलं चालू आहे?"

"ते पालिका बघेल. लिहिलंय ना, चालू आहे."

"लिहून तुम्हीच घेतलं होतं."

"खात्याच्या वतीने घेतलं होतं. आता मी खात्यात नाही."

सूनबाईने गाठोडं उचललं. ती सासऱ्यांना उलट बोलत नसे, फक्त गाठोडं जरा जोरात उचलत असे.

गोष्ट इथेच रखडली असती. पण यंदा झाडांना पालवी फुटली आणि रुग्णालयाच्या भांडारप्रमुख बाई स्वतः चालत आल्या. फटीतून येताना त्यांची पर्स माझ्या खिळ्याला अडकली. ती सोडवत त्या म्हणाल्या, "काम तुझं चांगलं आहे गं, त्यात वाद नाही. पण कोट दोनदा भिजले, एकदा चिखलात पडले. पुढच्या महिन्यापासून ज्याच्या दारात गाडी जाते त्याला काम द्यायचं ठरलंय. लॉजवालेही आमच्याबरोबर तिकडेच जाणार आहेत म्हणे."

"दारात गाडी आली तर?"

"आली तर प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून त्यांनी उसासा टाकला.

म्हणजे महिनाअखेरपर्यंत मी हललो नाही तर लाँड्री बंद. दुसऱ्या दिवशी सूनबाईने सासऱ्यांना न सांगता पालिका गाठली. दुपारी परत आली तेव्हा मुकादम माझ्या सावलीत पेंगत होते. ती घरात गेली नाही. त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कुठे गेली होतीस?"

"पालिकेत. तक्रार करायला."

मुकादमांची झोप उडाली. "तक्रार? आपण? पालिकेची?"

"घेतलीच नाही त्यांनी. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, त्या गल्लीतला रस्ता सुरू झालेला आहे. मी म्हटलं, अहो तिथे बॅरिकेड आहे. तर म्हणाल्या, आमचं नसेल, आमचं आम्ही काढलंय. म्हटलं, पालिकेचं नाव आहे त्याच्यावर. तर म्हणाल्या, नाव काय, कोणीही लिहितं." तिने हातातला ताजा अंक पुढे केला. "हे घ्या. आजच छापून आलंय. तुम्हीच वाचा."

मुकादमांनी चष्मा पुसला, 'प्रगतिपथावरील कामे' काढलं. आमची गल्ली नव्हती. पान उलटलं. 'पूर्ण झालेली कामे' या सदरात तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ते मोठ्याने वाचू लागले, मग आवाज खाली आला. "टाकीची गल्ली. काम पूर्ण. रस्ता वाहतुकीस खुला. नागरिकांनी समाधान व्यक्त केले."

नवे मुख्याधिकारी रुजू झाले होते आणि त्यांना अपुऱ्या कामांचा रकाना रिकामा हवा होता. रकाना रिकामा करायला दर वेळी काम करावं लागतंच असं नाही. हे मला नंतर कळलं. लाँड्रीत पालिकेचेही शर्ट येतात आणि शर्टांबरोबर बातम्याही.

मुकादम माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मग हा इथे काय करतोय?"

"मी तरी इतकी वर्षं दुसरं काय विचारतेय, बाबा?"

"कागदावर रस्ता खुला असताना तो अडवून ठेवणं म्हणजे गुन्हा आहे."

"हो ना. कोण अडवतंय?"

मुकादमांनी अंकाची घडी घातली. ती नीट जमेना. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते उठले आणि म्हणाले, "पहार आण."

पहारीने मी हललो नाही. डांबराने पाय घट्ट धरले होते. मुकादमांनी जोर लावला, पहार निसटली आणि ते खुर्चीत जाऊन बसले. तेव्हा सूनबाई आत गेली आणि निखाऱ्यांनी भरलेली जुनी जड इस्त्री घेऊन आली. ती पदर खोचून रस्त्यावर बसली आणि माझ्या पायाभोवतीच्या डांबरावर तिने इस्त्री टेकवली. वर दुपारचं ऊन, खाली निखारे. डांबर मऊ पडू लागलं. गल्ली दारात येऊन उभी राहिली. दूधवालाही आला.

"वहिनी, स्टार्च नको का?" तो म्हणाला.

"तू आधी तुझा पाय बाजूला घे, नाहीतर त्याचीही घडी करीन."

एकेक पाय सुटत गेला. चौथा निघाला तेव्हा मुकादमांनी मला खांद्यावर घेतलं, कोणाची मदत घेतली नाही, आणि लाँड्रीच्या दारात नेऊन ठेवलं. मग सवयीने माझे पाय पुसू लागले. डांबर निघत नव्हतं, तरी पुसत राहिले. "आठ दिवस म्हणालो होतो," एवढंच पुटपुटले. मला की सुनेला, ते कळलं नाही.

महिना संपायच्या आत रुग्णालयाची गाडी गल्लीत शिरली. ड्रायव्हर सवयीने टोकाशी थांबला, उतरून इकडेतिकडे पाहिलं, मग अगदी हळू, परक्या घरात शिरावं तशी गाडी आत आणली. काम राहिलं. लाँड्री राहिली.

इस्त्री मात्र कामातून गेली. आणि रस्त्याला माझ्या पायांचे चार खड्डे राहिले, मुठीएवढे. ते बुजवायला पंधरवड्याने पालिकेचा ट्रक आला. दोघे उतरले आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल? गल्लीच्या तोंडाशी एक नवंकोरं बॅरिकेड आडवं ठेवलं. प्लास्टिकचं, भगभगीत नारिंगी. छातीवर तीच ओळ.

मुकादम खुर्ची घेऊन गेले. "किती वेळाचं काम?"

"आजच्या दिवसाचं, काका."

"मग खाली तारीख टाका."

त्यांच्यातला वयस्कर हसला. "तारीख कोण टाकतं काका? टाकली की ती चुकते."

मुकादमांनी नुसती मान वळवून दुकानाकडे पाहिलं. सूनबाई आली. तिच्या हातात कपड्यांवर खुणा करायच्या शाईची बाटली होती, जी कितीही धुतली तरी जात नाही. मुकादमांनी खिशातलं लाल पेन काढलं, पाहिलं, परत ठेवलं आणि बाटलीतली काडी घेतली. नव्या बॅरिकेडच्या कोऱ्या जागेत त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'फक्त आज', आणि खाली तारीख. मग खुर्ची टाकून तिथेच बसले. ऊन कलायच्या आत ते नारिंगी पोरगं ट्रकमध्ये चढलं होतं.

मी आता लाँड्रीत असतो. माझ्यावर रुग्णालयाचे कोट वाळतात. मित्रांनो, अशा जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझी विनंती उलटी आहे. माझ्या जातीचा कोणी रस्त्यात आडवा दिसला तर एकदा त्याच्या मागे वाकून बघा. मागे खड्डा असेल तर त्याच्या फळीवर हात थोपटा आणि वळसा घालून जा. खड्डा नसेल तर त्याला उचला. उचलत नसेल, तर इस्त्री गरम करा.