दुसरी डेल्मिरा

काकांनी मान झटकली आणि साबणाचा फेस इवोनच्या डोळ्यात गेला. वस्तरा तिनं वेळेत मागे घेतला म्हणून निभावलं. सेवेरोकाका खुर्चीतून अर्धवट उठले होते. एका गालावर पांढरा फेस तसाच होता, आणि दाराकडे बोट दाखवून ते ओरडत होते की ही कोण बाई घरात शिरलीय, हिला बाहेर काढा.

डेल्मिराकाकू स्वयंपाकघरातून आली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. इवोनच्या हातातला वस्तरा घेऊन तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आले रे म्हाताऱ्या." काका लगेच बसले. उरलेली दाढी त्यांनी डोळे मिटून निमूट करून घेतली.

नंतर परसातल्या नळावर डोळे धुताना इवोन म्हणाली, "चार वर्षं या घरात वाढले मी, काकू. आणि आता त्यांच्या लेखी मी चोर."

"चोर नाहीस. नवी आहेस," काकू म्हणाली. मग तिनं कमरेचा निळा एप्रन सोडला आणि इवोनच्या हातात दिला. "उद्यापासून हा घालून ये. आणि त्यानं डेल्मिरा म्हणून हाक मारली तर ओ दे."

इवोन तेचेरा चोपन्न वर्षांची होती. पायसांदू गावाच्या बसस्थानकावर दुपारच्या पाळीत ती तिकिटं विकायची. ती नऊ वर्षांची असताना बाप ऑस्ट्रेलियाला गेला, आई त्याच्या मागोमाग गेली, आणि जम बसेपर्यंत म्हणून पोरीला काका-काकूंकडे ठेवलं. तो जम बसायला चार वर्षं लागली. मग तीही गेली, आणि विशीत एकटीच परत आली. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काका गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते, चौतीस वर्षं. काकू इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दोघांच्याही आयुष्यात वर्तमानपत्रात यावं असं काही घडलं नव्हतं. काकांची आठवण जायला लागली तेव्हा लोक हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. आता दोन वर्षं झाली, ते बायकोचा चेहराही ओळखत नव्हते.

फेब्रुवारीत काकूनं इवोनला सोबत घेऊन वकीलबाई सिल्वेइरांचं ऑफिस गाठलं होतं. तिला दोन कागद हवे होते. काकांचं कायदेशीर पालकत्व इवोनच्या नावावर व्हावं, हा एक. दुसरा घराचा: काका असेपर्यंत त्यांना या घरातून कुणी हलवू नये, आणि त्यांच्यामागं घर इवोनचं व्हावं. वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं की पत्नी हयात असताना पालकत्व पुतणीकडे का? पहिला हक्क तर पत्नीचा. काकू म्हणाली, मी एकोणऐंशीची आहे, आणि तेवढ्यावरच थांबली.

वकीलबाईंनी मग सगळं नीट समजावलं. घराचा कागद सोपा आहे. पालकत्वाचं तसं नाही. डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि शेवटी न्यायाधीश स्वतः घरी येऊन माणसाला बघतील. आजारी माणूस पालकाला जवळच येऊ देत नसेल, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, न्यायाधीश त्याला एखाद्या संस्थेत ठेवायला सांगू शकतात. संस्था होती ती तीन तासांवर. काका तर फाटकाबाहेर नेलं तरी लहान मुलासारखे रडायचे.

घरी परत येताना कोपऱ्यावर आल्यावर काकू म्हणाली, "म्हणजे त्याला तुझी सवय लावायला हवी."

एप्रन हातात आला तरी इवोनला आधी ते पटलंच नाही. दुसऱ्याचं नाव लावून म्हाताऱ्या माणसाला फसवायचं, ही कसली सेवा? तिनं तसं बोलून दाखवलं. काकू बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, "माझा चेहरा त्याच्याकडून कधीच गेला गं. त्याच्यापाशी जी डेल्मिरा उरलीय ना, ती म्हणजे एक निळा एप्रन, इस्त्रीच्या कपड्यांचा वास आणि कसा धरायचा ते ठाऊक असलेला एक हात. चेहरा मला देता आला नसता. हे सगळं देता येतं."

मार्चपासून शिकवणी सुरू झाली. इवोन रोज सकाळी यायची आणि दुपारी कामावर जायची. काकूनं तिला शिकवलं की अंघोळ पायांपासून सुरू करायची, डोक्यापासून नाही. डोक्यावर पाणी पडलं की तो घाबरतो. त्याच्या हातात टॉवेल द्यायचा, म्हणजे हातांना काम मिळतं आणि ते मारायला उठत नाहीत. त्याच्या पाठीमागं कधी उभं राहायचं नाही. 'आठवतं का?' हा प्रश्न या घरात विचारायचा नाही. पहाटे पंप सुरू करायचा राहिला म्हणून तो उठून बसतो, तेव्हा पंप बंद पडून वर्षं झाली असं सांगायचं नाही. सुरू केला, पाण्याचा दाब छान आहे, असं सांगायचं. तांदळाच्या खिरीवर दालचिनी घालायची, पण त्याच्या डोळ्यांदेखत घालायची.

बसस्थानकाच्या खिडकीत बसून इवोनला हे सगळं आठवायचं. पन्नास वर्षांच्या संसारात एका बाईनं एका माणसाबद्दल किती गोळा करून ठेवलं होतं. आणि ते ती आता एकेक करून, घडी मोडू न देता, दुसरीच्या हातात देत होती.

एप्रिलअखेरीस एका सकाळी इवोन काकांच्या बुटाचे बंद बांधत होती. वरून आवाज आला, "घट्ट नको, डेल्मिरा." इवोनचे हात थांबले. दारात काकू उभी होती, हातात वाळलेली चादर. तिनं चादर खुर्चीवर ठेवली, मान हलवली आणि आत निघून गेली. इवोन स्वयंपाकघरात आली तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

"कसं म्हणाला?" तिनं विचारलं.

"ऐकलंस ना तू."

"ऐकलं. पण तुझ्याकडे बघून म्हणाला ना, ते कसं दिसलं?"

इवोननं सांगितलं की सहज म्हणाले, जसं रोज म्हणतात तसं. काकूनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली की जमतंय तुला, आणि कांदे चिरायला घेतले.

त्यानंतर ती हळूहळू मागं सरकत गेली. आधी खोलीबाहेर, मग परसात, मग थेट रस्त्यापलीकडे. समोरच्या नेल्बाच्या दारात झाडाखाली एक खुर्ची असायची, तिथं ती सकाळभर बसायला लागली. इवोनला खिडकीतून दिसायची. एप्रन नसलेली काकू तिनं कधी पाहिली नव्हती. हात मांडीवर ठेवून, गाडीची वाट पाहावी तशी ती बसलेली असे.

जुलैत एक दिवस सगळं बिनसलं. तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी होती. काकांचा पाय न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडला आणि ते पडले. लागलं नव्हतं फारसं, पण घाबरून त्यांनी जो आकांत मांडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. ते "डेल्मिरा, डेल्मिरा" करत होते आणि इवोन "आले रे, आले" म्हणत होती, तरी ते तिला ढकलतच होते. ती त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसून राहिली. टॉवेल त्यांच्या हातात दिला. अर्धा तास गेला. मग त्यांची बोटं टॉवेलवर फिरायला लागली आणि डोकं हळूच तिच्या खांद्याला टेकलं.

त्यांना अंथरुणात घालून ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. काकू खुर्चीत होती. नेल्बा आत निघून गेली.

"ऐकू आलं नाही तुला?"

"आलं."

"मग आली का नाहीस? पन्नास पावलांवर बसली होतीस तू."

काकूनं वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक होता, आणि खुर्चीचे दांडे तिनं अजून घट्ट धरून ठेवले होते. "पुढच्या हिवाळ्यात कुठून येणार होते मी, इवोन?"

मग तिनं सांगितलं. जानेवारीतच डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवली होती. शस्त्रक्रियेत अर्थ नाही म्हणाले. फार तर नाताळ बघाल, असं म्हणाले. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक तिची काळजी घ्यायला धावले असते, आणि मग शिकवणीला वेळ राहिला नसता.

बसस्थानकात इवोननं तीस वर्षं जाणारी माणसं पाहिली होती. रडणारी, न सांगता निघणारी, शेवटच्या मिनिटाला सामान विसरणारी. आपल्यामागं आपली जागा रिकामी राहू नये म्हणून जिवंतपणीच त्या जागेवरून उठणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. ती खाली गवतावर बसली. काकूच्या गुडघ्यावर डोकं ठेवावंसं तिला वाटलं, पण तिनं ठेवलं नाही. काकूसमोर आपण फार लहान आहोत असं तिला त्या क्षणी वाटलं. लहानपणी, नऊ वर्षांची असतानाही, कधी इतकं वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात घराच्या कागदावर सही करायला दोघी गेल्या. काकू आता काठी घेऊन चालायची. वकीलबाईंनी मजकूर वाचून दाखवला. काकूनं तो पुन्हा वाचायला लावला आणि मग म्हणाली, एक गोष्ट राहिलीय. "हिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असेल, त्या दिवशी नेल्बा येईल, तिच्याशी बोलणं झालंय, असं लिहा. आणि एखाद्या दिवशी हिला हे झेपेनासं झालं, तर हिनं ते सोडावं. तरीही घर हिचंच. हिला कुणी नावं ठेवायची नाहीत."

वकीलबाई म्हणाल्या की सुट्टीचं आणि घराचं लिहिता येईल, पण नावं न ठेवण्याला कायद्यात शब्द नाही.

"मग साध्या शब्दांत लिहा," काकू म्हणाली. "हिला दमायचा हक्क आहे, असं लिहा."

वकीलबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी तसंच्या तसं टंकलं आणि कागद सहीसाठी पुढे केला. काकूनं वाचून सही केली. निघताना वकीलबाई दारापर्यंतच नाही, रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. काकूसाठी टॅक्सी त्यांनी स्वतः थांबवली.

ऑक्टोबरच्या शेवटी न्यायाधीश आले. साठीच्या घरातले, धिप्पाड, सर्दी झालेले गृहस्थ होते. बरोबर एक लिहून घेणारी मुलगी आणि वकीलबाई. काकूनं त्या दिवशी राखाडी पोशाख घातला होता, केस नीट बसवले होते, आणि ती पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होती. इवोनच्या कमरेला निळा एप्रन होता. टेबलावर मातेची तुंबडी तयार होती, नळीनं ओढायचा कडू पाल्याचा चहा.

न्यायाधीशांनी आधी काकूला विचारलं की तुम्ही पत्नी आहात, तुम्ही स्वतः अर्ज का केला नाही? काकू म्हणाली, "मी केला असता तर नव्या वर्षात तुम्हाला पुन्हा यावं लागलं असतं, साहेब." न्यायाधीशांनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी मान खाली घातली.

मग ते काकांकडे वळले. नाव विचारलं. काकांनी ते बरोबर सांगितलं. वर्ष विचारलं, तेव्हा काका म्हणाले की दाब चांगला आहे, काळजी नको. लिहून घेणाऱ्या मुलीची लेखणी क्षणभर अडखळली.

"तुमची देखभाल कोण करतं, सेवेरोसाहेब?" न्यायाधीशांनी विचारलं.

काकांनी इवोनचा हात धरला. "ही काय. डेल्मिरा."

"आणि त्या बाई?"

काकांनी राखाडी पोशाखातल्या बाईकडे बराच वेळ पाहिलं. मग ते खुर्चीतून अर्धवट उठले. बाई माणूस समोर असलं की ते आयुष्यभर तसेच उठत आले होते. "माफ करा बाई," ते म्हणाले, आणि इवोनकडे वळून हळूच रागावले, "डेल्मिरा, बाईंना माते दिलंस का?"

इवोननं तुंबडीत गरम पाणी ओतलं आणि माते काकांच्या हातात दिलं. काकांनी दोन पावलं टाकून ते स्वतः बाईंना नेऊन दिलं. काकूनं ते दोन्ही हातांनी घेतलं. नळीतून शेवटच्या घोटाचा आवाज येईपर्यंत, सावकाश, सगळं प्यायली. मग तुंबडी त्यांच्या हातात परत देत म्हणाली, "आभारी आहे."

तिकडे माते परत करताना आभार मानले, की मला आता पुरे, पुढची फेरी मला नको, असा त्याचा अर्थ होतो. नाहीतर माणसं नुसतीच तुंबडी परत करतात. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. काकांनाही होतं. ते अदबीनं म्हणाले, "पोट भरलं ना?"

"भरलं," काकू म्हणाली.

न्यायाधीशांनी रुमाल काढून नाक पुसलं, ते सर्दीमुळे असेल. त्यांनी आणखी प्रश्न विचारले नाहीत. जाताना त्यांनी टोपी हातात घेतली आणि काकूसमोर थोडे थबकले. मग त्यांनी नुसतं वाकून अभिवादन केलं आणि ते गेले. टोपी त्यांनी फाटकाबाहेर गेल्यावरच डोक्यावर ठेवली. दोन आठवड्यांनी हुकूम आला, जसा हवा होता तसा.

शेवटचे दिवस काकू नेल्बाकडेच राहिली. इवोन संध्याकाळी काकांना व्हरांड्यात बसवायची, आणि रस्त्यापलीकडच्या खिडकीतून काकू त्यांना बघायची. कधी काका हात हलवायचे. ते कुणालाही हलवायचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. काका जेवून झोपतात त्या वेळी मयत ठेवा, असं तिनं सांगून ठेवलं होतं. नेल्बा काकांपाशी थांबली. इवोन दफनभूमीत जाऊन दीड तासात परत आली. धुलाईघरातल्या चार म्हाताऱ्या आणि वकीलबाई आल्या होत्या. भर उन्हाळ्याचं ऊन रणरणत होतं.

ती फाटकातून आत आली तेव्हा काका उठून व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. तिनं काळा पोशाख बदलला नव्हता, फक्त त्यावर एप्रन बांधला.

"उशीर केलास, डेल्मिरा," काका म्हणाले.

"रांग होती," इवोन म्हणाली.

काकांनी मान डोलावली. रांगा असतातच. मग ते बाकावर थोडे सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.