हॅलोताईंची चाळण आणि भावाचे दात

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढल्यामुळे घराचं दार उघडतानाही ज्यांच्या तोंडून आधी "हॅलो" निघायचं, त्या बाईंना सगळी गल्ली हॅलोताई म्हणायची. निवृत्त झाल्यावर माणसं विणकाम करतात, फिरायला जातात, नाहीतर सुनेच्या चहाला नावं ठेवतात. हॅलोताईंनी लग्नच केलेलं नसल्यामुळे सुनेची सोय नव्हती. त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला.

लोकांना वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण कानाला हेडफोन लावून, कान देऊन ऐकणं हेच तर त्यांनी जन्मभर केलेलं. फरक एवढाच की आता पलीकडून माणसांऐवजी खिळे, नाणी आणि बाटल्यांची झाकणं बोलायची. लोखंड घसा खाकरल्यासारखं खर्जात, नाणं चांगलं टणटणीत, आणि मधल्या पट्टीत कॅनच्या कड्या आणि फॉइलचे तुकडे, हे सगळे एकाच वेळी, रांग मोडून.

या गोंगाटावर यंत्रातच एक इलाज होता. कोणत्या जातीच्या धातूला बोलू द्यायचं आणि कोणाला गप्प बसवायचं, ते बटणांनी ठरवता यायचं. यंत्राच्या पुस्तिकेत त्याला डिस्क्रिमिनेशन म्हटलं होतं. हॅलोताई चाळण म्हणायच्या. एकदा दुपारभर खणून त्यांच्या हाती नुसते चॉकलेटचे चंदेरी कागद आले होते; तेव्हापासून फॉइलचं त्यांनी नाव टाकलं होतं. बाकी चाळण जागेप्रमाणे बदलायची, फॉइलचं बटण मात्र कायमचं बंद.

त्यांचा धाकटा भाऊ सलून चालवायचा. त्याचे हात चालायचे त्याच्या दुप्पट जीभ चालायची, म्हणून तो कात्रीभाऊ. गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधलं की कात्रीभाऊंची गोष्ट संपेपर्यंत त्या माणसाची सुटका नसे. बहिणीच्या छंदावर तर त्यांचं विशेष प्रेम. "आमच्या ताईनं इतकी झाकणं काढलीत," ते आरशातल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "की आता बाटल्या शोधायला दुसरं यंत्र घ्यावं लागणार."

अशा या कात्रीभाऊंनी एका शनिवारी सकाळी बहिणीची बेल वाजवली आणि तोंडावर रुमाल धरून नुसते उभे राहिले.

"हॅलो," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "काय रे? बोलत का नाहीस? बरं नाही का?"

रुमाल खाली आला. "ताई," कात्रीभाऊ म्हणाले, "थगळं थंपलं."

समोरचे वरचे चार दात गायब होते. ते मुळात त्यांचे नव्हतेच. तारेच्या आकड्यांनी बाजूच्या दातांना अडकवायची ती पट्टी होती. पण चार वर्षांत ते दात त्यांच्या तोंडात असे रुळले होते की स्वतः कात्रीभाऊही त्यांना सख्खे मानायचे.

हॅलोताई हसल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवून पडद्याची घडी नीट केली. बराच वेळ केली.

"हथ, हथ," कात्रीभाऊ म्हणाले. "उद्या थंध्याकाळी भाषण आहे माझं."

दुसऱ्या दिवशी ते सलून मुलीच्या हाती देणार होते. जुनी गिऱ्हाइकं येणार होती, आणि कात्रीभाऊ महिनाभर आरशासमोर भाषण घोकत होते. त्यात 'सलून', 'संसार' आणि 'सदिच्छा' हे शब्द ठासून भरलेले.

"पडले कुठे?"

"बागेत. काल थंध्याकाळी. बाकावर बथलो होतो, जोरात शिंक आली, आणि गेले उडून." अंधार पडला म्हणून काल सापडले नाहीत, सकाळी जाऊन पाहिलं तर माळ्यानं बाकाखालचा सगळा पाचोळा झाडून शेडमागच्या ढिगावर नेऊन टाकलेला. दातांच्या डॉक्टरांकडे नवे करायला मागच्यासारखाच आठवडा लागणार. "आणि घरी काही बोलू नकोथ. हिला थांगितलंय, आकडा थैल झाला म्हणून डॉक्टरांकडे ठेवलेत."

"शिंकून उडाले?" ताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"उडाले म्हणजे काय, भुर्रकन."

ताईंनी यंत्र उचललं.

बागेतला तो ढीग म्हणजे नुसता पाचोळा असता तर प्रश्न नव्हता. पण त्या बाकांवर संध्याकाळी सगळं गाव खायला-प्यायला बसायचं, आणि जे खाली पडायचं ते पानांबरोबर इथे यायचं. हॅलोताईंनी सगळी बटणं उघडी ठेवून एकदाच यंत्राच्या टोकाची चकती फिरवली आणि हेडफोन झटकन कानावरून काढला. "बाप रे! पाच लाइनी एकाच वेळी लागल्यात."

मग त्यांनी हिशोब मांडला. दात प्लास्टिकचे, त्यांचा यंत्राला पत्ता लागणार नाही. पट्टीची तार आणि आकडे स्टीलसारख्या धातूचे, ते खालच्या पट्टीत, लोखंडाच्या शेजारी बोलणार. एरवी ही बाजू त्या बंद ठेवत. आज ती उघडली. नाणी बंद. कॅनच्या कड्या बंद. फॉइल तर बंदच. मोठी चकती काढून तळहाताएवढी लहान लावली, म्हणजे एका वेळी थोडाच कचरा तिच्याखाली येईल. यंत्राची तीव्रता कमी केली आणि लहान बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तितक्या सावकाश ती ढिगावरून न्यायला सुरुवात केली.

माळीकाका झारी हातात घेऊन बघत उभे राहिले. "ताई, या कचऱ्याचे इतके लाड आजवर कोणी केले नव्हते हो."

"काका, मुकाट्यानं दाताळं द्या," ताई म्हणाल्या.

"दाताळं?" काकांनी कात्रीभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. "यांना?"

"पाला थारायला!" कात्रीभाऊ रुमालातून ओरडले.

तास गेला. खर्जातला आवाज आला की ताई थांबायच्या, कात्रीभाऊ गुडघ्यावर बसून पानं उपसायचे. निघाले खिळे, गंजकी झाकणं, एक सायकलचा स्क्रू आणि केसांच्या पिनांचा एक जुडगा. पिना पाहून कात्रीभाऊंमधला कारागीर क्षणभर जागा झाला आणि म्हणाला की या पिनांनी अंबाडा काय, पोनीसुद्धा टिकणार नाही. दातांचं मात्र नाव नव्हतं. ताईंनी ढीग पसरून त्याचा पातळ थर केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कोपरापर्यंत माती, कमरेत कळ. त्यांना आता खरंच वाईट वाटायला लागलं होतं. थट्टा काय, चालतेच. पण ज्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरी हौस नाही, त्यानं स्वतःच्या समारंभात रुमाल धरून बसायचं, हे त्यांना पाहवलं नसतं.

"तुझे दात इथे नाहीत रे," शेवटी त्या म्हणाल्या. "असते तर बोलले असते. तुझेच आहेत ना, गप्प कसे बसतील?"

"ते गप्प बथतील," मागून आवाज आला. "वन्सं, यांना विचारा तरी, शिंक आली तेव्हा तोंडात काय होतं."

कात्रीभाऊंची बायको उभी होती. तिला सगळे वहिनी म्हणत. औषधांच्या दुकानात काम करून डॉक्टरांचं कसलंही अक्षर वाचायला शिकलेली ती बाई. तिच्यापुढे नवऱ्याचा चेहरा म्हणजे ठळक छपाई होती. आल्या आल्या नवऱ्याची नक्कल करून झाली होती, आणि आता ती अगदी शांतपणे त्यांच्याकडे पाहत होती.

"तुला कोणी थांगितलं?" कात्रीभाऊ पांढरेफटक पडले.

"दातांच्या डॉक्टरांनी. खोकल्याचं औषध न्यायला आले होते. म्हटलं, आमचे दात कधी देताय? ते म्हणाले, कुठले दात? आणि बागेतली शिंक माळीकाकांनी सांगितली."

माळीकाकांनी तोंड फिरवून झारीत पाहिलं.

"वन्सं, शिंकबिंक काही नाही," वहिनी पुढे म्हणाली. "यांना टॉफी खायच्या असतात. डॉक्टरांनी बंदी घातलीये, कारण ती पट्टीला चिकटून आकडे वाकतात. मग हे काय करतात, दात काढून ठेवतात आणि टॉफी चघळतात. मी कपड्यांच्या खिशात कधीपासून बघतेय. दात सँडविचच्या फॉइलमध्ये गुंडाळलेले."

हॅलोताईंच्या हातातली चकती जागच्या जागी थांबली. "फॉइलमध्ये?"

"कालही तथेच होते," कात्रीभाऊ पुटपुटले. "मांडीवर ठेवले होते. गोष्ट थांगता थांगता हात उडाला..."

"अरे गाढवा!" ताईंचा आवाज शेडपर्यंत गेला. "मी सकाळपासून फॉइलचं तोंड बांधून ठेवलंय! यंत्राला आधी वरचं वेष्टण ऐकू येतं. तुझे दात इथे बिचारे बोंब मारतायत आणि मीच त्यांची लाइन तोडून बसलेय. आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू हथली अथतीथ."

हे खरंच होतं.

ताईंनी बटणं पालटली. लोखंड बंद केलं, आणि फॉइलचं ते कायमचं बंद बटण मनावर दगड ठेवून उघडलं. लगेच ढीग किलबिलायला लागला. वहिनी जवळ येऊन म्हणाली, "मला एका कानाला देता?" ताईंनी हेडफोनची एक बाजू उलटी करून तिच्या कानाशी धरली. दोघी गालाला गाल लावून उभ्या राहिल्या.

"यातलं आपलं कोणतं, कसं कळायचं?" वहिनीनं विचारलं.

"हा गुंडाळतो कसा? सैल की घट्ट?"

"घट्ट हो. मुंग्या लागतात म्हणून चांगले तीन-चार वेढे देतात."

"मग हे सगळे सोडून दे," ताई म्हणाल्या. "चुरगळलेला पातळ तुकडा एका बाजूनं बोलतो, आडव्या बाजूनं गेलं की तुटतो. घट्ट गोळा असेल तर कुठूनही या, आवाज तोच."

आता त्या प्रत्येक आवाजावरून एकदा उभी, एकदा आडवी चकती नेऊ लागल्या. चिर्र... तुटला. चिर्र... तुटला. कात्रीभाऊ रुमालाआडून काही सांगू लागले तेव्हा दोघींनी एकदमच "श्श!" केलं. ढिगाच्या कडेला, शेडच्या भिंतीपाशी एक आवाज आला. उभा भरीव. आडवाही भरीव. वहिनीनं ताईंचा दंड घट्ट पकडला. "वन्सं, हाच. हा आपल्या घरचा आवाज आहे."

कात्रीभाऊंनी दोन्ही हातांनी पानं उपसली. खालून लिंबाएवढा चंदेरी गोळा निघाला. त्यांनी एकेक वेढा उलगडला. आत दात जसेच्या तसे होते, फक्त एक आकडा किंचित वाकलेला, आणि शेजारी अर्धी टॉफी.

"ती टॉफी इकडे द्या," वहिनी म्हणाली. त्यांनी दिली. तिनं ती कागदासकट स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

दुपारी डॉक्टरांनी आकडा सरळ करून दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलून माणसांनी भरलं होतं. मुलगी खुर्चीशी उभी होती, वहिनी आणि हॅलोताई आरशाखाली बसल्या होत्या. कात्रीभाऊंनी कात्री मुलीच्या हातात दिली, घसा साफ केला आणि घोकलेलं भाषण सोडून देऊन दातांचीच हकीकत सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात ढीग दुमजली झाला, पण टॉफीचा भाग त्यांनी जसाच्या तसा सांगितला, शिंकेच्या थापेसकट. लोक खुर्च्यांना धरून हसले. शेवटी त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "काल तिनं सकाळभर गुडघे घासले," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. सलूनमध्ये पहिल्यांदाच कात्रीभाऊ गप्प झाले. हॅलोताई पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

पुढच्या शनिवारी सकाळी कात्रीभाऊ चहा घेत बसले होते, तेव्हा वहिनी बूट घालताना दिसली.

"कुठे निघालीस?"

"वन्संबरोबर. नदीकाठचं जुनं बसस्टँड बघायचंय. तिथे फॉइल उघडं ठेवायचं की बंद, यावर आमचं एकमत नाही. मी म्हणते उघडं. बारीक सोनंसुद्धा त्याच पट्टीत बोलतं म्हणे."

"मी येऊ?"

वहिनीनं जरा विचार केल्यासारखं केलं.

"नको," ती म्हणाली. "तिथे ऐकावं लागतं."