शेवटचं बटण

माउसच्या पोटातली गोळी तळहातावर घेतली की वाटते त्याहून जड लागते — राखाडी, रबरी, बोराएवढी. तिच्यावर बसलेली धूळ प्रमिला पदराच्या टोकानं पुसत होती, पुसून झाली तरी पुसत होती. कारण गोळी पुन्हा आत बसवली, माउस हलवला, की पडद्यावरचा बाण हलणार आणि मघाशी दिसलं तेच पुन्हा दिसणार. बाण अडकलाय म्हणून भलतंच पान उघडलं असेल अशी मनाची समजूत घालून तिनं गोळी काढली होती. पण गोळीचा दोष नव्हता...

काल संध्याकाळपर्यंत या कॉम्प्युटरवर वेबसाईटसाठी बातम्या भरायची पुण्याची सिस्टिम होती. साधी, धुवून विटलेल्या पातळाच्या रंगाची. चार चौकटी: तालुका, मथळा, मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव. आज सकाळी तिथं मुंबईची होती. पळत्या ओळी, लुकलुकणारे तारे — राज्य, देश, क्रीडा, सिनेमा, शेअर बाजार — आणि अगदी तळाला, उंबऱ्याशी टाकलेल्या पायपुसण्यासारखा एक शब्द: जिल्हा. यावल नाही, शिंदखेडा नाही. मुंबईच्या कंपनीचा माणूस काल रात्रीच येऊन बसवून गेला म्हणे, शिपायानं सांगितलं, चहा ठेवता ठेवता, सहज.

दिवाळीनंतर नानांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. जीवरामनाना, संपादक, वीस वर्षांपूर्वी मुद्रितं तपासायला आलेल्या मुलीच्या हातात तालुक्यांचं पान देणारे. म्हणाले होते, पेपरची वेबसाईट काढायची, खेड्यातून बातमी कशी येते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक, तेव्हा कोणती सिस्टिम घ्यायची ते तूच ठरव. तूच. हा शब्द ती पिंपराळ्याच्या घरापर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन गेली होती.

कारण खेड्यातून बातमी यायची ती पाकिटातून, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती. यावलचं पाकीट सरळ इथं, जळगावच्या कचेरीत. पण शिंदखेडा, साक्री, शिरपूर, अख्ख्या धुळे जिल्ह्याची पाकिटं आधी धुळ्याला, हिलालकडे. हिलाल धुळ्याचा बातमीदार. तो ती फोडणार, निवडणार, स्वतःच्या अक्षरात उतरवणार, मग एका मोठ्या पाकिटात घालून दुपारच्या गाडीनं पाठवणार. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून कुवरसिंग लिहायचा, हातपंप कोरडा पडला, बाया झिऱ्यावर रांगेनं बसतात... आणि ती बातमी वऱ्हाड घरी परतल्यावर मिळालेल्या पत्रिकेसारखी, शिळी होऊन, दोन ओळींची होऊन यायची. पुण्याच्या सिस्टिममध्ये कुवरसिंग शिरपूरच्या कॉम्प्युटर क्लासात बसून स्वतः बातमी भरू शकला असता. त्याच्या नावानं. सगळी, दोन ओळी नव्हे. म्हणून तर तिनं ती निवडली.

आणि पहिल्यांदा शिकवलं कोणाला? हिलाललाच. धुळ्याला जाऊन, एस.टी.डी. बूथमागच्या खोलीत त्याच्या शेजारी बसून. तो एका बोटानं अक्षरं शोधायचा नि हसायचा, अक्का, हे तर कोंबडीनं दाणे टिपल्यासारखं. आठवड्यानं चाचणी — तो तिकडे, ती इकडे, कानाला फोन. मोडेम किरकिरला, थांबला, आणि फोनमधून हिलालचा आवाज, शाळेतल्या पोरासारखा: "उनी का, अक्का?"

"उनी रे, उनी." आली, बातमी आली.

असं म्हणाले होते मी. असंच.

मघाशी गोळी मुठीत तशीच घेऊन ती नानांना विचारायला गेली, तेव्हा केबिनच्या दाराशी तिनं हिलालच्या चपला ओळखल्या. धुळ्याहून आलेला, आणि आधी तिच्या टेबलाशी न आलेला हिलाल — नऊ वर्षांत असं पहिल्यांदा. आत नाना तिच्याकडे न बघता पेपरवेट फिरवत होते. तिची मेहनत वाया गेलेली नाही, असं काहीसं म्हणाले. पण उद्या पाड्यापाड्यावरून कोणी काय वाट्टेल ते टाकलं तर निस्तरणार कोण... आणि मग, सुटका झाल्यासारखे: "मी नाही गं, प्रमिला. खुद्द हिलालच म्हणाला, ही सिस्टिम आपल्या लोकांच्या कामाची नाही."

हिलाल बशीतल्या चहाकडे बघत राहिला. चहावर साय धरत होती.

ती परत येऊन बसली. आखाजी, अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर; भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो तो सण. तिला भाऊ नाही. तरी लहानपणी आई आखाजीच्या झोक्यावर तिला पुढ्यात घेऊन गायची —

दारात उभी राहून, वाट बघते भावाची
धूळ उडे गं लांब, गाडी कोणाच्या गावाची

आणि नऊ वर्षं ती गाडी धुळ्याची असायची. हिलाल आखाजीला आंबे घेऊन यायचा, भावासारखा. नानासुद्धा म्हणायचे, आला बघ तुझा मुऱ्हाळी, माहेरी न्यायला. परका उलटला असता तर नुसती चीड आली असती. पण हिलाल... त्याच्यासाठीच तर केलं ना? त्याच्यासाठी?... की कुवरसिंगसाठी?... की...

पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आंब्यांचा वास.

"रागावू नको, अक्का."

ती गोळी पुसत राहिली.

तो हळू बोलत होता, पण थांबत नव्हता. शिंदखेड्याला सत्कार असला तर त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, ती काही त्याच्या तोंडाकडे बघून नाही. पाकिटं त्याच्या हाती असतात म्हणून. मग आवाज आणखी खाली गेला आणि घरच्या बोलीत आला: "बठ्ठा तालुकानी पाकिटं मनाजोडे येतस. तू ती बंद करनार व्हती. माले इचारं का?"

"दार सगळ्यांना उघडं होत होतं, हिलाल. तुलाही."

"हां. नि शेवटलं बटन कोनाजोडे व्हतं, अक्का?"

तो गेला. चपला जिन्यावर वाजल्या. त्यानं नानांकडे जायला नको होतं. तिच्याकडे यायचं, भांडायचं, पाकीट तोंडावर फेकायचं, बहिणीशी भाऊ भांडतो तसं. हे ती मनात घोकत राहिली, आणि ते खरंच होतं, आणि तरीही...

'प्रसिद्ध करा.' ते बटण फक्त तिच्या पडद्यावर होतं. सिस्टिम बसवायला आलेल्या पुण्याच्या मुलानं विचारलं होतं, बातमीदारांनाही द्यायचं का? ती चटकन म्हणाली होती, नको. कारणही दिलं होतं काहीतरी.

चाचणीच्या त्या दिवशी हिलालची बातमी आली ती खाली एक ओळ घेऊन — मंजुरीच्या प्रतीक्षेत. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. उनी का, अक्का? तिकडे धुळ्याच्या त्या कोंदट खोलीत एक माणूस खुर्चीच्या टोकावर बसलाय, इथं माझं बोट बटणावर आहे, आणि मी ते दाबत नाहीये — काय गोड वाटलं होतं ते.

शिपायानं नुकताच कप ठेवला होता.

मी आधी चहा संपवला.

गोळी तळहातात ऊबदार झाली होती. ती आत बसवायची होती. आंब्यांचा वास टेबलभर पसरत चालला होता, आणि पिशवी तिनं ना जवळ ओढली, ना दूर सारली.