राजाचं पिवळं फडकं

"वहिनी, तुमच्या कार्डावर काय आलं?" नुमानने विचारलं.

सुरेखाने पुठ्ठ्याचं कार्ड त्याच्यापुढे धरलं. वाचायची तिला गरज नव्हती, कारण ते टाइप तिनेच केलं होतं. बुधवारी ऑफिसच्या वेळात मॅनेजर कॉलिनसाहेबाने तिच्याकडून अशी चौतीस कार्डं टाइप करून घेतली होती. त्यातलं कुठलं आपल्या वाट्याला येणार हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. 'तू गरीब शेतकरीण आहेस. तुझा मुलगा राजाच्या तुरुंगात आहे. तुला काय हवं: राजाची दया.'

"मी पहारेकरी," नुमान म्हणाला. "हातात तलवार आणि तोंडाला कुलूप. सलमाबादेत, कंपनीच्या वर्कशॉपात रोज तेच करतो, फक्त तलवार नसते."

"हळू बोल. साहेब ऐकेल."

"ऐकला तरी समजणार काय त्याला? बारा वर्षं झाली बहारीनमध्ये येऊन, अजून माझं नाव 'न्यूमन' घेतो."

एकोणीसशे त्र्याण्णवचा फेब्रुवारी होता तो. शुक्रवारची सकाळ, हवेत गोड गारवा. जिदहफ्स गावाच्या बाहेर कोणा ओळखीच्याची खजुराची जुनी बाग होती, तिच्या पडक्या भिंतीला निशाणं लावून गोऱ्या लोकांनी राजवाडा उभा केला होता. हा खेळ कॉलिनसाहेबाने विलायतेहून आणलेला. चांगली पन्नाशीची माणसं, बँकेतली, कंपन्यांतली, अंगावर पडद्याचं कापड गुंडाळून दिवसभर राजे, सरदार, चेटकिणी आणि चोर व्हायची. नाटकच म्हणावं, तर रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, पाठ केलेली भाषणं नाहीत. कार्डावर जे लिहिलं ते संध्याकाळची शिट्टी होईपर्यंत व्हायचं आणि जे सुचेल ते बोलायचं. मध्येच कुणाला खेळातून बाहेर पडायचं असेल, पाय मुरगळला, गाडी हलवायची आहे, तर कमरेचं पिवळं फडकं सोडून डोक्याला बांधायचं. फडकं बांधलं की तो माणूस तिथे नाहीच असं सगळ्यांनी समजायचं. तलवारी मात्र नुमानने केलेल्या. एसीच्या पाइपावर चढवतात त्या काळ्या फोमच्या, वरून राखाडी टेप. तीन दिवस वर्कशॉपचं काम सोडून बिचारा तेच करत होता.

या वेळी राजे पुष्कळ झाले आणि प्रजा कमी पडली, म्हणून ऑफिसच्या माणसांना बोलावणं आलं होतं.

सुरेखा खेळायला आली नव्हती. ती आली होती पासपोर्टसाठी. तिचा पासपोर्ट साहेबाच्या केबिनमधल्या हिरव्या तिजोरीत होता आणि तिची रजा नोव्हेंबरपासून थकलेली होती. आधी स्टॉक-टेकिंग होऊ दे म्हणाला, मग नवीन कॉन्ट्रॅक्ट होऊ दे म्हणाला, आणि जानेवारीपासून नुसतं 'इंशाल्ला' म्हणायचा. अरबीतला हा एकच शब्द त्याने शिकून घेतला होता, तोही 'नाही' म्हणायला.

आणि तिकडे राजापूरजवळच्या घरी भक्तीला नववा लागला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण. ती रीतीप्रमाणे माहेरी येऊन बसली होती. पण माहेरी होतं कोण? सुरेखाची सासू गंगूबाई, जिला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. 'आई, तू येणार असं मी सासरी सांगून आलेय,' भक्तीने पत्रात लिहिलं होतं. 'आजी रात्रीचा कंदीलसुद्धा चाचपडत लावते.'

"जा गो," सुरेखाचा नवरा विलास म्हणाला होता. तो तुबलीच्या एका गॅरेजची गाडी चालवायचा. "साहेब खूश झाला तर शनिवारी तिजोरी उघडंल. एक दिवस नाच त्याच्या तालावर."

तर ती नाचायला आली होती.

दहा वाजता मार्जोरीबाईंनी, म्हणजे साहेबाच्या बायकोने, शिट्टी फुंकली. खेळाच्या मुखत्यार त्याच. कॉलिनसाहेब जांभळ्या झग्यात, डोक्यावर पितळी मुकुट घालून बागेतल्या खुर्चीवर बसला आणि त्याने हात वर केला. "आज माझ्या दरबारात जो येईल त्याचं मी ऐकेन!" मग एकेक जण जाऊन मागणं मागू लागला. कुणाला घोडा हवा, कुणाला राजकन्या. सुरेखाची पाळी आली तेव्हा पहारेकरी नुमानने तिला तलवारीने पुढे ढकलल्यासारखं केलं आणि कानाशी पुटपुटला, "माफ करा हां वहिनी."

"गुडघे टेक," कुणीतरी मागून हसत सांगितलं.

तिने टेकले. चव्वेचाळीस वर्षांचे गुडघे, खाली खजुराच्या बिया. तिने हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाली, "महाराज, माझं लेकरू तुमच्या कुलपात आहे. त्याला सोडा. माझ्याशिवाय त्याचं कुणी नाही." बोलता बोलता तिचा आवाज असा फुटला की तिचं तिलाच नवल वाटलं. मुलगा कुठला! समोर दिसत होती ती पोटाशी हात धरून ओटीवर बसलेली भक्ती.

राजा खुर्चीवरून उतरला, त्याने तिला दोन्ही हातांनी उठवलं, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून तिच्या हातात ठेवला. "जा आई, तुझा मुलगा घेऊन जा. माझ्या राज्यात कुठल्याही आईचे अश्रू जमिनीवर पडणार नाहीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबाचे डोळे खरोखर ओले होते.

त्या ओल्या डोळ्यांच्या जिवावरच ती जेवणाच्या वेळी त्याच्याजवळ गेली. तो कोंबडीची तंगडी सोलत होता. "सुरेखा! काय काम केलंस! मला रडवलंस तू."

"सर, माझा पासपोर्ट..."

त्याने तंगडी ताटात ठेवली. रागावला नाही, उलट लहान मुलाला समजवावं तसा हसला. "आज नाही. खेळात बाहेरचं बोलायचं नसतं. आज मी राजा आहे. मॅनेजर शनिवारी भेटेल."

"शनिवारी मिळेल?"

"इंशाल्ला," तो म्हणाला आणि पुन्हा तंगडीकडे वळला.

सुरेखा खजुराखाली जाऊन बसली, पण ताटाला तिने हात लावला नाही. अपमान तिला नवा नव्हता. गल्फमध्ये सात वर्षं काढलेल्या बाईला कसला आलाय अपमान! पण तो ऑफिसात व्हायचा, पगारी वेळेत. हा माणूस सुट्टीच्या दिवशी तिला गुडघ्यावर बसवून, तिचंच दुःख तिच्याच हाताने टाइप करून घेऊन, त्यावर रडून मोकळा झाला होता! दया करायची त्याची हौस फिटली होती, पदरची फुटकी कवडीही न खर्चता. खऱ्या तिजोरीची किल्ली तर त्याच्या पँटच्या खिशात होती, झग्याच्या खाली. ती हातातला जुडगा दाबत राहिली. कुठल्या कुलपाच्या होत्या त्या किल्ल्या? वर्कशॉपच्या भंगारातल्या.

"वहिनी, जेवा काही," नुमान म्हणाला.

"भूक नाही."

"तुमचा चेहरा बघून मलाच भीती वाटतेय. ही तलवार फोमची आहे, लक्षात ठेवा हां."

ती हसली नाही. तिला वडील आठवत होते. तिचे वडील गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवापुढे नारळ ठेवून उभे राहायचे आणि गावाचं जे दुखणं असेल ते मोठ्याने, नाव घेऊन सांगायचे. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी विहिरीवर कुणाला अडवलं. प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, 'व्हय म्हाराजा!' ज्याचं नाव निघालं त्यालाही गर्दीत उभं राहून 'व्हय' म्हणावंच लागे. आणि एकदा 'व्हय' म्हटलं की खलास, तो माणूस शब्दातून मागे जात नसे. लहानपणी परकराचा ओचा धरून तिने ते किती वेळा पाहिलं होतं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची मात्र रीत नव्हती.

तीन वाजता मार्जोरीबाई तिच्यापाशी आल्या. "सुरेखा, आता जत्रेचा प्रवेश आहे. तुमच्या गावाकडचं काही असेल ना? आशीर्वाद, प्रार्थना, असं काही? सगळ्यांना भाग घेता येईल असं?"

"आहे," सुरेखा म्हणाली. "मी एक वाक्य बोलायचं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे 'हो, राजा'."

"किती छान!" बाईंनी टाळी वाजवली.

सगळे गोल उभे राहिले. राजा खुर्चीवर. सुरेखाने पदर खोचला, किल्ल्यांचा जुडगा त्याच्या पायाशी नारळासारखा ठेवला आणि वडिलांचा सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी लेकरां तुझ्या म्होरं उभी हत, त्येंका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीस गोऱ्या गळ्यांनी आरोळी दिली आणि त्यांना मोठी मौज वाटली.

"पाऊसपाणी येळेवर येऊ दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ज्या मायचो पासपोट ह्या राजाच्या तिजोरीत पडलो हा, जिची लेक नवव्या म्हयन्यात आंधळ्या म्हातारीच्या भरवशावर बसली हा, त्या मायक उद्या सकाळच्या धा वाजता तो पासपोट मिळू दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. राजाही ओरडला, मुकुट सावरत. फक्त नुमानला त्यातला शब्द न् शब्द समजला होता. त्याच्या हातातली तलवार खाली आली होती.

"काय म्हटलंस आता?" मार्जोरीबाईंनी कौतुकाने विचारलं.

तेव्हा सुरेखाने ते सगळं इंग्रजीत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द, डिक्टेशन द्यावं तसं. नोव्हेंबर सांगितला, स्टॉक-टेकिंग सांगितलं, हिरवी तिजोरी सांगितली, भक्तीचं पत्र सांगितलं. मग नुमानकडे बघून थांबली.

नुमान बागेच्या भिंतीवरचे पारवे उडाले एवढ्या मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

बाकीचे सगळे राजाकडे बघू लागले.

"कॉलिन," मार्जोरीबाई म्हणाल्या, "हे खरं आहे?"

कॉलिनसाहेबाचा चेहरा झग्यापेक्षा जांभळा झाला. तो उठला, कमरेचं पिवळं फडकं सोडलं आणि मुकुट काढून ते डोक्याला बांधलं. आता तो तिथे नव्हता. खेळाच्या नियमाने कुणी त्याला काही विचारू शकत नव्हतं, आणि तो सरळ गाडीकडे चालू लागला.

सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच्यामागे चार पावलं गेली. "सर! ते फडकं तुम्हाला आहे, मला नाही! मी कुठे बांधू? मी रोज तीच बाई आहे! तुम्ही 'व्हय' म्हणालात, चारचौघांत म्हणालात!"

त्याने मागे पाहिलं नाही. मार्जोरीबाईंच्या हातात शिट्टी होती, पण ती त्यांनी फुंकलीच नाही. नुमान सुरेखाला घेऊन घरी निघाला तेव्हाही त्या तशाच उभ्या होत्या.

शनिवारी सुरेखा पावणेआठलाच टेबलाशी जाऊन बसली. दहा वाजले आणि केबिनचं दार उघडलं. साहेबाने पासपोर्ट तिच्या टाइपरायटरवर टाकला. त्याचे डोळे सुजलेले होते. घरी काय झालं ते त्याचं त्याला माहीत.

"व्हिसा कॅन्सल होईल," तो म्हणाला. "परत यायचं नाही. लेटर घे. 'मी स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडत आहे...'"

सुरेखाने पासपोर्ट उचलला, पान उघडून स्वतःचा फोटो पाहिला, पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. मग हात मांडीवर ठेवले.

"हे मी टाइप करणार नाही."

"काय?"

"सात वर्षं तुमचं सगळं टाइप केलं. बुधवारी माझी भीकसुद्धा मीच टाइप केली. स्वतःच्या इच्छेने म्हणता ना? मग ती इच्छा तुमची आहे, तुम्ही टाइप करा. आणि 'काढून टाकलं' असं लिहा, मी तिथे सही करते."

ती उठली आणि समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली. सात वर्षांत त्या खुर्चीवर ती एकदाही बसली नव्हती. दारात नुमान उभा होता, हातात मोजपट्टी घेऊन, आणि आज त्याला कुठे जायची घाई नव्हती.

साहेब तिच्या जागेवर बसला, आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागला.

"साहेब," सुरेखा म्हणाली, "कागद उलटा घातलाय."