सुग्रीवची हिरवी मेंढरं

आमच्या मालकांना, म्हणजे नाथाला, लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. लग्नानंतर हे मला मेंढरांमुळं कळलं. आमच्या मेंढरांच्या पाठीवर लाल पट्टा, शेजारच्या सुग्रीवच्या हिरवा. पाटोद्याजवळच्या माळावर दोन्ही कळप एकत्र चरतात. संध्याकाळी वेगळे करताना मालक सुग्रीवची दोन-चार मेंढरं खुशाल हाकून आणतात आणि वर हसतात. माझं डोकंच उठतं.

परवा सुग्रीवनं तोंडावर सांगितलं, पुन्हा असं झालं तर कळप वेगळे. माळावर लांडगे फिरत होते. एकट्यानं मेंढरं राखायची म्हणजे अवघडच. मला तर जेवण गोड लागेना.

तेवढ्यात पुतणी ऋतुजा बीडहून आली. ती कॉलेजात प्राणीशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात एकाच टोळीतली माकडं वेगवेगळे रंग बघतात. काहींना लाल-हिरवं कळतं, त्यांना पिकलेलं फळ पटकन सापडतं. काहींना कळत नाही, पण पानात दडलेला किडा त्यांनाच आधी दिसतो. दोघांचंही भागतं, म्हणून पिढ्यानपिढ्या दोन्ही तऱ्हा टिकल्या. बऱ्याच जातींत नर तर सगळेच काकांसारखे.

“म्हंजी मालक माकडच,” मी म्हणाले. मालक पुन्हा हसले.

दुसऱ्या दिवशी मेंढरं निवडायला मीच माळावर गेले. दुपारी मी, मालक आणि सुग्रीव बाभळीखाली बसलो होतो. कुत्रंही निवांत झोपलं होतं. मालक एकदम उठले.

“सुग्रीव, लांडगा हाय.”

“कुठं बे? नुसतं गवत हाय.”

मलाही वाळलेल्या गवताशिवाय काही दिसेना. मालक काठी घेऊन ओरडत धावले, तसा गवतातून लांडगा उठला आणि ओढ्याकडं पळाला. तिथून चार पावलांवर सुग्रीवची गाभण मेंढी चरत होती.

संध्याकाळी मेंढरं निवडायच्या आधी सुग्रीव हिरव्या रंगाचा डबा घेऊन बसला.

“नाथा, आमचा पट्टा आता मानंवर वढतो. मान आन पाठ तर कळती न्हवं?”

मालक हसले आणि त्याच्यासाठी एकेक मेंढी धरू लागले. मी माझ्या माकडाकडं बघत राहिले. मला त्याचा लई अभिमान वाटला.