मी वाकलो तेव्हा

मित्रांनो, भंगाराच्या ढिगात हा जो वाकडा गज दिसतोय ना, तो मी.

गाझियाबादच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून दिल्लीतल्या मयूर विहारच्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर आलो. चोरांच्या भीतीने तिथली अख्खी बाल्कनी गजांनी बंद केली होती. माझी दोन्ही टोकं वेल्डिंगने पक्की झाली. मला हलता येईना, आणि घरातल्यांना बाहेर पडायला त्या जाळीत छोटंसं दारही नव्हतं.

त्या घरात मंत्रालयात नोकरी करणाऱ्या वैजयंतीताई आणि त्यांची दुसरीतली मयुरा राहत. मयुरा मला दोन्ही हातांनी ओढायची.

"आई, हा बिल्कुल वाकत नाही!"

"वाकतो गं, केसभर. पण सोडलास की परत सरळ होतो," ताई हसत म्हणायच्या. "खूपच जोर लावला, तर मात्र वाकडाच राहील."

खरंच होतं ते. धुळीचं वादळ आलं, कुणी टेकलं, तरी मी जरासा लवायचो आणि पुन्हा ताठ. सगळे माझं कौतुक करायचे. मलाही त्याचा अभिमान होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी जिन्याखालच्या वीजमीटरांनी पेट घेतला. जिना धुराने भरला. ताईंनी दार उघडलं आणि खोकत लगेच लावून घेतलं. मयुराला उचलून त्या बाल्कनीत धावल्या. मागे धूर, पुढे आम्ही.

"आई, श्वास घेता येत नाहीये."

"तोंड बाहेरच्या बाजूला कर. हा ओला रुमाल नाकावर धर."

खाली माणसं जमली. अग्निशमन दलाची गाडी बाजारातल्या गर्दीत अडकली होती. तळमजल्यावरच्या अमोलने शिडी लावली आणि गाडीचा जॅक घेऊन वर चढला.

"ताई, हात मागे घ्या!"

त्याने माझ्या आणि शेजारच्या गजाच्या मध्ये जॅक आडवा बसवून फिरवायला सुरुवात केली. मी ताणला गेलो, बाजूला झुकलो. फट वाढली. ताईंनी मयुराला उचललं, आणि तेवढ्यात जॅक सटकला. मी टणकन पूर्वीसारखा सरळ झालो. फट पुन्हा तेवढीच!

खालून लोक ओरडले, "अरे यार!" मयुरा रडू लागली. ज्या गुणाचं कौतुक होत होतं, तोच तिच्या वाटेत उभा होता. मला वाकलेलंच राहायचं होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

अमोलने जॅक पुन्हा घट्ट बसवला आणि दात-ओठ खात फिरवत राहिला. मग माझ्या आत काहीतरी कायमचं सरकलं. आता विरोध ओसरला, मी वाकत गेलो. त्याने जॅक काढला तेव्हा मी किंचित मागे आलो, पण तेवढंच.

"चल बेटा, डोकं आधी!"

मयुरा माझ्या अंगाला घासून बाहेर पडली. अमोलने तिला धरून खाली सोडलं, खालच्या माणसांनी झेललं. मग ताईंनी दुपट्टा काढून टाकला, अंग चोरलं आणि खरचटत का होईना, त्याही शिडीवर उतरल्या.

पुढे मला ठोकून सरळ करायचा प्रयत्न झाला, पण पूर्वीसारखा काही झालो नाही. शेवटी कापून काढलं. आता या ढिगात पडून भट्टीची वाट बघतोय.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. आज घरी गेलात की तुमच्या जाळीपाशी उभे राहा. तिच्यात आतून उघडणारं दार आहे का, ते बघा. नसेल, तर आईबाबांना आजच सांगा. प्रत्येक गज वेळेवर वाकेलच असं नाही.